तेरा महिने, ७,४०० किलोमीटर : स्वस्त इलेक्ट्रॉनिक गिअरसंच नाशिकच्या रस्त्यांवर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी माझ्या रोड सायकलवरचा केबलचा जुना गिअरसंच उतरवला आणि त्या जागी परदेशी संकेतस्थळावरून मागवलेला, बारा स्पीडचा, चिनी बनावटीचा बिनतारी इलेक्ट्रॉनिक संच बसवला. शिफ्टरची (हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या बटणांची) जोडी, पुढचा व मागचा डिरेलर (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) आणि चार्जिंगची वायर एवढे साहित्य सीमाशुल्क धरून मला सुमारे ४३,००० रुपयांना पडले. कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच), चेन आणि क्रँक यांचा खर्च वेगळा. तेरा महिन्यांत या संचावर ७,४०० किलोमीटर झाले. त्यांत एक पूर्ण पावसाळा, निफाडकडची थंडी, वणीच्या आणि इगतपुरीच्या अनेक फेऱ्या आणि २०० किलोमीटरच्या दोन ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, आल्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांच्या तपासणीचे काम करणाऱ्या माणसाने एका नगावरून अख्ख्या कारखान्याला नावे ठेवणे बरे नव्हे. शिवाय या किमतीच्या बहुतेक संचांची मांडणी एकसारखीच असल्यामुळे माझा अनुभव त्या एका नावापुरता मर्यादितही नाही.

इलेक्ट्रॉनिक गिअर ही कल्पना नवी नाही. माविक या फ्रेंच कंपनीने १९९० च्या दशकातच आधी झॅप आणि नंतर बिनतारी मेकट्रॉनिक असे दोन संच बाजारात आणले होते, पण ओल्या हवामानातील बेभरवशामुळे ते टिकले नाहीत. जपानच्या शिमानो कंपनीचा ड्युरा-एस डीआय२ २००९ मध्ये आला, अमेरिकेच्या स्रॅमचा बिनतारी रेड ई-टॅप २०१५ मध्ये. तेव्हापासून हे तंत्र वरच्या श्रेणीतून एकेक पायरी खाली उतरत राहिले : स्रॅमने २०२१ मध्ये रायव्हल श्रेणीत ते दिले आणि शिमानोने २०२२ मध्ये १०५ श्रेणीत. तरीही या दोन्हींची किंमत भारतात सामान्य नोकरदाराच्या सायकलखर्चाच्या बरीच वर राहते आणि स्वस्त संचांना गिऱ्हाईक मिळते ते याच फटीत. मीही त्या फटीतलाच गिऱ्हाईक.

गिअरचा भरवसा मी दोन प्रश्नांनी तपासतो. शंभर वेळा बटण दाबले तर तो किती वेळा चुकतो, हा पहिला. आणि चुकायचा तो चुकलाच, तर मला घरी कसा आणतो, हा दुसरा. दिव्यांचे रंग, अ‍ॅपची मांडणी, वजनातील पन्नास-साठ ग्रॅमचा फरक यांवर बोलणाऱ्यांची कमतरता नाही, म्हणून ते सारे मी बाजूला ठेवतो. माझी सायकल रिम ब्रेकची आहे. त्यामुळे या संचांबरोबर येणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकविषयीही मला काही म्हणायचे नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ चांगले निघाले, मात्र ते लगेच निघाले नाही. बसवल्यावर पहिले आठ दिवस वरच्या तीन चकत्यांवर चेन खरखरत होती. अ‍ॅपमध्ये शिरून एकेक टप्पा सरकवला की एक चकती शांत होई आणि दुसरी कुरकुरू लागे. गंगापूर रोडवर ज्यांच्याकडे मी सायकल नेतो, त्या मेकॅनिकने अ‍ॅपकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी हँगरचा (मागचा डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगतात त्या पट्टीचा) गेज काढला, मागच्या चाकाच्या रिमपाशी चार ठिकाणी टेकवून पाहिला आणि हँगर जवळजवळ चार मिलिमीटर आत वाकलेला असल्याचे दाखवले. तो सरळ केल्यावर सगळा आवाज बंद झाला. केबलच्या जुन्या अकरा स्पीड संचाने हाच वाकडेपणा निमूटपणे सहन केला होता. आठ स्पीडच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर ४.८ मिलिमीटर असते, बारा स्पीडमध्ये ते साडेतीनच्या आसपास येते, त्यामुळे चुकीला जागाच उरत नाही. स्वस्त इलेक्ट्रॉनिक संचांच्या नावाने जी ओरड ऐकू येते, तिच्यातला मोठा वाटा या वाकड्या हँगरचा असावा, असे माझे मत झाले आहे. मोटर तिला सांगितलेल्या जागी बिनचूक जाते, परंतु ती ज्यावर उभी आहे तो पाटच कलता असेल, तर तिचा बिनचूकपणा कोणाच्या उपयोगाचा?

त्यानंतर वणीच्या एका फेरीत मी हँडलवर कागदी टेप लावून प्रत्येक फसलेल्या शिफ्टची रेघ ओढली. घरी आल्यावर अ‍ॅपमधील मोजणीत दिवसभरातील ४१२ शिफ्ट दिसत होते आणि टेपवर रेघा होत्या तीन. तिन्ही वेळा मी चढावर उभा राहून पूर्ण जोर देत असताना बटण दाबले होते, म्हणजे दोष निम्मा माझाच. बटण दाबल्यापासून चेन बसेपर्यंत लागणारा वेळ महागड्या संचापेक्षा जाणवण्याइतका जास्त आहे. मित्राची डीआय२ची सायकल चालवून लगेच माझ्या सायकलवर बसले की तो फरक बोटांना कळतो, पण दोन दिवसांत बोटे सरावतात.

बिनतारी म्हटले की संदेश मध्येच अडला तर काय, ही शंका मला वारंवार विचारली जाते. द्वारका चौकातील संध्याकाळच्या कोंडीत, जिथे शेकडो मोबाइल आणि ब्लूटूथची यंत्रे एका वेळी आजूबाजूला असतात, आणि एकलहरे औष्णिक विद्युत केंद्राजवळ अतिउच्च दाबाच्या तारांखालून जाताना मी मुद्दाम सतत गिअर बदलून पाहिले. एकदाही संदेश चुकला नाही. तारांमधील वीज ५० हर्ट्झची, आणि या यंत्रांतील संदेश २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींचा. दोघांची गाठ पडण्याचे तसे कारणही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ऑगस्टमध्ये तोरंगण घाटात मिळाले.

त्या दिवशी मी जव्हारहून त्र्यंबकमार्गे परत येत होतो. सकाळी जाताना कडक ऊन होते आणि जव्हारला सायकल तासभर उन्हात उभी होती. मोखाड्याच्या अलीकडे पावसाने गाठले, तो मग थांबलाच नाही. घाटाच्या पायथ्याशी मागचा डिरेलर १३ दात्यांच्या चकतीवर असताना मी हलका गिअर मागितला आणि काहीच घडले नाही. पुन्हा दाबले. शिफ्टरवरचा दिवा नेहमीसारखा लुकलुकला, पुढचा डिरेलर आज्ञाधारकपणे लहान चेनरिंगवर (पायडलजवळच्या चकतीवर) आला, मागचा मात्र दगडासारखा निश्चल. ३४ दात्यांची चेनरिंग आणि मागे १३ दाते म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. त्या चढावर माझा वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे मिनिटाला जेमतेम २७ फेरे पडणार. गुडघ्यांची किंमत गिअरसंचापेक्षा जास्त आहे, हा विचार करून मी उतरलो आणि सुमारे तीन किलोमीटर सायकल ढकलत वर आणली.

घाटमाथ्यानंतर एका टपरीच्या छपराखाली पॉवर बँक लावून पाहिली. चार्जिंगच्या खोबणीत पाणी होते. रुमालाच्या टोकाने ते टिपत बसलो असताना टपरीवाल्याने बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “सायेब, गेर ब्याटरीवर चालतो का ह्यो?” मी हो म्हटले. “मंग सेल बदला की दुसरा.” तेवढे बोलून तो भज्यांकडे वळला. त्या माणसाने माझ्या संचातील मूळ उणीव एका वाक्यात सांगितली होती, कारण मला सेल बदलताच येत नव्हता : बॅटरी डिरेलरच्या पोटात कायमची बंद केलेली.

महागड्या संचांचा पैसा कुठे जातो, हे अशा वेळी कळते. स्रॅमच्या बिनतारी संचात पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी सारखीच असते आणि हाताने काढता येते. मागची संपली की पुढची काढून मागे लावायची आणि एका चेनरिंगवर घर गाठायचे. शिमानोने वेगळा मार्ग घेतला आहे. सीटच्या नळीत एक मोठी बॅटरी आणि तिथून दोन्ही डिरेलरना वायर, अशी ती रचना आहे. बॅटरी संपत आली की पुढचा डिरेलर आधी बंद पडतो आणि उरलेली शक्ती मागच्यासाठी राखली जाते, म्हणजे संच मरतानाही स्वाराचा विचार करून मरतो. केबल तुटलेली यांत्रिक सायकलसुद्धा आपल्याला इतके वाऱ्यावर सोडत नाही. मागच्या डिरेलरच्या मर्यादेचा स्क्रू पिळून चेन एक-दोन चकत्या तरी वर चढवता येते, आणि केबलचा उरलेला तुकडा ओढून बोल्टखाली आवळला, तर हव्या त्या मधल्या चकतीवर ती कायमची बसवता येते. माझ्या संचात यांपैकी कोणतीच वाट नव्हती. त्र्यंबकहून नाशिकपर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट आणि उताराचा, म्हणून दोन गिअरांच्या सायकलवर संध्याकाळी घरी पोहोचलो. हाच प्रकार उलट दिशेला घडला असता तर टेम्पो शोधावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर भिंगाखाली पाहणी केली. खोबणीवरच्या रबरी झाकणाची जीभ एका कोपऱ्यात उचललेली होती, आतील दोन टोकांवर हिरवट थर जमला होता आणि त्र्यंबककडच्या लाल मातीचा बारीक कण झाकणाच्या बुडाशी चिकटलेला होता. डब्यावर आयपीएक्स७ असा पाणीरोधकतेचा दर्जा ठळक छापला आहे आणि त्या छापण्याला मी खोटे म्हणणार नाही, परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या दर्जाच्या चाचणीत वस्तू एक मीटरपर्यंतच्या साध्या, स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवतात. जोराने येणाऱ्या फवाऱ्याची चाचणी निराळी असते आणि सातवा दर्जा मिळालेली वस्तू त्या चाचणीत उत्तीर्ण झालीच असेल, असे नाही. मागचा डिरेलर तर चाकावरून उडणाऱ्या चिखलपाण्याच्या ऐन माऱ्यात असतो. त्यात उन्हाने तापलेल्या बंद कोषावर अचानक गार पाऊस पडला की आतील हवा आकसते आणि झाकणाच्या कडेने पाणी आत ओढले जाते. माझ्या बाबतीत हेच घडले असावे, असा माझा कयास आहे : उचललेल्या जिभेतून पाणी शिरले, दोन टोके जोडली गेली आणि संरक्षक सर्किटने बॅटरीचा पुरवठा तोडला. एरवी दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन सायकलवर प्रेशरचे पाणी मारून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत; अशा संचाच्या बाबतीत ती हौस महागात पडेल.

विक्रेत्याशी झालेला व्यवहार थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. आधी त्याने बिघाडाचा व्हिडिओ मागितला, मग दुसऱ्या कोनातून व्हिडिओ मागितला, मग डिरेलर परत पाठवायला सांगितले. लिथियम बॅटरी आत बंद असलेली वस्तू विमानाच्या कुरिअरने परदेशी पाठवायची, तर कागदपत्रांचा सोपस्कार आणि खर्च दोन्ही मोठे. दोन कुरिअरवाल्यांनी पार्सल हातातही धरले नाही. अखेर विक्रेत्याने जुना नग परत न मागता नवा पाठवला, त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत, परंतु त्याला सात आठवडे लागले आणि सीमाशुल्क मी पुन्हा भरले. तेवढा काळ सायकल भिंतीला टेकून उभी होती. केबलचा डिरेलर मोडला असता, तर संध्याकाळच्या आत शहरातच दुसरा मिळाला असता.

ऑक्टोबरपासून नवा डिरेलर बंद पडलेला नाही. आता जो प्रश्न आहे तो विजेचा नाही, लोखंडाचा आहे. या जून महिन्यात मी डिरेलर कारखान्यात नेऊन सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या डायल गेजखाली धरला. काही डिरेलरमध्ये वरच्या छोट्या चाकाला मुद्दाम थोडी बाजूची ढिलाई ठेवलेली असते, म्हणून ते मोजमापात न धरता केजच्या (छोटी चाके धरणाऱ्या पट्टीच्या) मुळाशी गेजची टोकणी टेकवली. मोटर जागेवर घट्ट असताना सांध्यांमधील प्ले (ढिलाई) ०.८ मिलिमीटर भरला. सुमारे ४,८०० किलोमीटर चाललेल्या सांध्याचा हा आकडा आहे आणि साडेतीन मिलिमीटरच्या अंतरापुढे तो जवळजवळ पावपट होतो. मोटरला स्वतःची जागा अचूक कळते, पण तिच्यापुढच्या पिनांमध्ये किती झीज झाली हे कळण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नाही. उतरवण्यापूर्वी सकाळी अ‍ॅपमध्ये एक टप्पा सरकवावा लागे, पंधरा दिवसांनी पुन्हा एक. केबल ताणली गेली तर स्क्रूने ताण वाढवता येतो, झिजलेल्या पिनेवर मात्र अ‍ॅपचा उपाय चालत नाही. माझ्या अंदाजाने आणखी दोन-तीन हजार किलोमीटरनंतर हा डिरेलर बारा स्पीडच्या कामाचा राहणार नाही. मागच्या कॅसेटचे स्पीड अ‍ॅपमधून बदलता येतात, म्हणून कदाचित त्याला नऊ स्पीडच्या कॅसेटवर निवृत्तीनंतरची नोकरी देता येईल.

बॅटरीबद्दल दोन गोष्टी. एका चार्जमध्ये मला साधारण ६५० किलोमीटर मिळतात. शिमानो आपल्या संचासाठी १,००० किलोमीटरच्या आसपासचा आकडा देते. ६५० वाईट नाहीत, पण सायकल गाडीवर लादून पुण्याला नेली तेव्हा काहीही न चालवता बॅटरी वीस टक्क्यांनी उतरली होती. हलण्याची जाणीव झाली की डिरेलर जागा होतो आणि गाडीवर तो सगळा रस्ता हलतच असतो. स्रॅमसुद्धा सायकलची वाहतूक करताना बॅटरी काढून ठेवायला सांगते, पण काढता येत असेल तर ना! शिफ्टरमध्ये सीआर२०३२ जातीचे बटण सेल आहेत. जानेवारीत निफाडच्या दिशेने पहाटे निघालो असता उजव्या शिफ्टरचा दिवा लाल झाला आणि ऊन आल्यावर आपोआप हिरवा झाला, कारण थंडीत या सेलचा विद्युतदाब घटतो. कोपऱ्यावरच्या दुकानातील दहा रुपयांचे सेल काढून नामांकित कंपनीचे घातल्यावर ते पुन्हा झाले नाही. सुटे दोन सेल आता टूलच्या पिशवीतच असतात.

सॉफ्टवेअरचाही विचार व्हायला हवा. २०२४ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी शिमानोच्या संचात शिफ्टर पाठवतात ते बिनतारी संदेश टिपून, पुन्हा प्रक्षेपित करून दुसऱ्याच्या सायकलचे गिअर बदलता येतात हे दाखवले, आणि कंपनीने त्यावर फर्मवेअरची (यंत्रातील सॉफ्टवेअरची) दुरुस्ती दिली. त्र्यंबक रस्त्यावर माझे गिअर पळवण्यात कोणाला रस असेल असे वाटत नाही. पण दोष सापडल्यावर दुरुस्ती देणारे कोणी मागे उभे आहे की नाही, ते महत्त्वाचे, आणि माझ्या संचाच्या अ‍ॅपला तेरा महिन्यांत एकही नवी आवृत्ती आलेली नाही.

२०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली आणि तेव्हापासून लांब पल्ल्याचे वेड या शहरात चांगलेच मुरले आहे. त्यामुळे हा संच ब्रेव्हेला चालेल का, असे मला विचारणारे बरेच जण भेटतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्या वेळात कोरड्या दिवसात, पूर्ण चार्ज करून, तो चालतो. माझा दोनदा चालला. ६०० किलोमीटरच्या चाळीस तासांत, रात्री, कसाऱ्याच्या खाली पाऊस लागण्याची शक्यता असताना, मी तो नेणार नाही. ४३,००० च्या आसपास १०५ दर्जाचा केबलचा संच बसतो, त्याची केबल वर्षातून एकदा बदलली तर तो निमूटपणे काम करतो आणि त्याचा प्रत्येक भाग गावात मिळतो. तरीही कोणाला बटणांचाच मोह असेल, आणि तो मोह मला पूर्ण समजतो, तर खरेदीपूर्वी छायाचित्रे मोठी करून एवढे तरी पाहावे की मागच्या डिरेलरची बॅटरी हाताने निघते का. निघत नसेल, तर सवलत कितीही असो, पुढच्या पानावर जावे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, डायल गेजचे काम उरकल्यावर, मी मागचा डिरेलर सायकलवर परत चढवला नाही. खोबणीतील टोके स्पिरिटने पुसली आणि बॅटरी साठ टक्क्यांवर ठेवली, कारण लिथियमची बॅटरी पूर्ण भरून पडून राहिली की लवकर म्हातारी होते. सिलिका जेलच्या चार पुड्यांसह तो आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कपाटावर आहे, आणि अंगणात जुनी केबलची सायकल चिखलाने माखून उभी आहे.